विद्यार्थ्याच्या शोधनिबंधाला पुरस्कार मिळतो, म्हणजे नेमके काय होते?

गोव्यात श्रावणात भजनाच्या स्पर्धा होतात आणि चवथीच्या दिवसांत घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट या मडक्याला चामडे चढवलेल्या तालवाद्याच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांच्या. स्पर्धा कशी चालते हे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. पथक मंचावर येते, ठरलेल्या वेळात गाते, परीक्षक गुण लिहितात आणि रात्री उशिरा माइकवरून क्रमांक जाहीर होतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या पीएच.डी. करते आहे. परदेशातल्या लोकप्रिय संगीताच्या एका परिषदेत विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधाला पुरस्कार असतो असे कळल्यावर ती सल्ल्यासाठी घरी आली, सोबत तिची आईही होती. सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतल्यावर आईने विचारले, "सर, म्हणजे हिला तिथे जाऊन गावे लागणार का?"

प्रश्न अगदी रास्त होता. संगीताच्या परिषदेतला पुरस्कार म्हटला की कोणालाही गाणेच आठवणार. या पुरस्काराविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून त्या दिवशी मायलेकींना जे सांगितले तेच इथे जरा विस्ताराने मांडतो आहे.

अकादमिक परिषद म्हणजे एकाच विषयात संशोधन करणाऱ्या लोकांचा तीनचार दिवसांचा मेळावा. तिथे प्रत्येकाला साधारण वीस मिनिटे मिळतात, त्या वेळात आपला निबंध वाचायचा असतो आणि त्यानंतर दहाएक मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. वाचणाऱ्यांत नावाजलेले प्राध्यापक असतात तसे अजून पदवी हाती न आलेले विद्यार्थीही असतात, आणि दोघांनाही वेळ सारखाच मिळतो. या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची इच्छा असेल ते आपला निबंध लेखी स्वरूपात एका समितीकडे देतात. समिती ते सगळे वाचते आणि त्यांतला एक निवडते. गाणे कोणीच गात नाही. गाण्याविषयी कोणी किती नेमका विचार केला आणि तो किती पुराव्यानिशी मांडला, याचीच तिथे परीक्षा होते.

आता 'लोकप्रिय संगीत' या शब्दांकडे वळू, कारण गोंधळ बहुतेक इथेच होतो. लोकप्रिय म्हणजे लोकांना आवडणारे, एवढाच अर्थ धरला तर भीमसेन जोशींचे गाणेही लोकप्रिय आणि आपल्या वाड्यावरच्या आजीची ओवीही लोकप्रिय. अभ्यासक हा शब्द जरा वेगळ्या अर्थाने वापरतात. जे संगीत एकमेकांना न ओळखणाऱ्या मोठ्या समुदायापर्यंत पोहोचवण्यासाठी तयार होते, जे कागदावरच्या स्वरलिपीपेक्षा ध्वनिमुद्रणात साठवले जाते आणि ज्याच्या मागे विक्रीचा व्यवहार उभा असतो, ते लोकप्रिय संगीत. चित्रपटगीत, कॅसेटवरची भक्तिगीते, रॉक, बँडबाजा, जाहिरातीची धून हे सगळे त्यात येते.

हे संगीत विद्यापीठात शिरायला वेळ लागला, आणि त्याला कारण होते. पाश्चात्त्य विद्यापीठांतले संगीताचे विभाग लिहिलेल्या स्वरलिपीवर पोसलेले होते. ज्या गाण्याचा कागदच नाही, जे फक्त तबकडीवर किंवा फितीवर आहे, त्याचे विश्लेषण करायचे कशाच्या आधारे, हा प्रश्न तिथल्या शिक्षकांना खरोखरच अडवत होता. फिलिप टॅग या अभ्यासकाने १९७९ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात जो प्रबंध दिला, त्याचा विषय होता एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत, आणि ते संगीत होते जेमतेम ५० सेकंदांचे. पन्नास सेकंदांवर अख्खा प्रबंध! त्यातला प्रत्येक स्वर, प्रत्येक वाद्य ऐकणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ जागवते आणि तो अर्थ कुठून येतो, हे त्याने उकलून दाखवले. पुढे १९८१ साली अॅमस्टरडॅमला लोकप्रिय संगीताच्या संशोधनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच वर्षी 'इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पॉप्युलर म्युझिक' ही संघटना उभी राहिली. टॅग तिच्या संस्थापकांपैकी एक होता. आज या संघटनेच्या निरनिराळ्या देशांत शाखा आहेत, शाखांच्या स्वतःच्या परिषदा होतात आणि दर दोन वर्षांनी सगळ्यांची मिळून एक मोठी परिषद होते.

गोव्यात राहणाऱ्या माणसाला या विषयाचे महत्त्व पटवायला फार लांब जावे लागत नाही. तियात्र म्हणजे गाण्यांनी सजलेले कोकणी नाटक; पहिले तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाले, म्हणजे ही कला जन्मालाच आली ती गोव्याबाहेर, पोटासाठी शहरात गेलेल्या माणसांच्या गर्दीत, तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसमोर. त्यातली कांतारे, म्हणजे गाणी, कथानकाच्या मधल्या वेळात पडद्यापुढे गायली जातात आणि चालू राजकारणावर बोलतात. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याचे कितीतरी वादक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि संयोजक सेबास्टियन डिसोझा ही त्यांतली दोन नावे. संगीतकाराने गुणगुणलेल्या चालीला वाद्यवृंदाचा साज चढवण्याचे काम ही मंडळी करत, पण तबकडीवर त्यांचे नाव क्वचितच येई. अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी अशा वादकांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे त्या स्टुडिओंतला कामाचा दिवस कसा जात असे हे अभ्यासाच्या नोंदीत नीट आले. इतक्या उशिरा हे व्हावे याचे मला आजही वाईट वाटते, कारण तोवर त्यांतले अनेक वादक हयात नव्हते.

आणखी एक उदाहरण घेऊ. मूळचे मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ साली 'मत्स्यगंधा' या नाटकासाठी चाली बांधल्या, आणि ते नाटक रंगमंचावर आणले गोवा हिंदू असोसिएशनने. चालींची मुळे रागसंगीतात, गाण्याची जागा रंगमंच, आणि घरोघरी पोहोच ध्वनिमुद्रिका व रेडिओमुळे. हे संगीत शास्त्रीय म्हणायचे की लोकप्रिय? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच त्यावर शोधनिबंध लिहिता येतो.

पुरस्कारांकडे येऊ. या क्षेत्रातले विद्यार्थी-पुरस्कार बहुधा एखाद्या दिवंगत अभ्यासकाच्या नावाने असतात. आपल्याकडे भजन स्पर्धेला एखाद्या बुवांचे स्मृतिनाव असते, तसेच. वर उल्लेखलेल्या संघटनेच्या अमेरिकी शाखेत डेव्हिड सॅन्जेक यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो. सॅन्जेक २०११ साली गेले. अमेरिकेतल्या गीतसंगीताच्या व्यवसायाचा इतिहास हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. कॅनडाच्या शाखेतला पुरस्कार पीटर नार्व्हाएझ या लोकविद्येच्या अभ्यासकाच्या स्मृतीसाठी आहे. १९५५ साली स्थापन झालेली 'सोसायटी फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' ही संगीत आणि समाज यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांची जुनी संस्था आपल्या वार्षिक परिषदेत वाचलेल्या उत्तम विद्यार्थी-निबंधाला चार्ल्स सीगर पुरस्कार देते, आणि तिच्याच लोकप्रिय संगीत विभागाचा लीझ वॅक्सर पुरस्कार आहे.

वॅक्सर यांच्याविषयी दोन वाक्ये जास्त लिहावीशी वाटतात. कोलंबियातल्या काली नावाच्या शहरात लोक बाहेरून आलेल्या साल्सा संगीताच्या जुन्या तबकड्या इतक्या जिवापाड जपतात आणि त्यांवर नाचतात की ते परके संगीत त्या शहराची स्वतःची ओळख होऊन बसले. वॅक्सर यांनी तिथे राहून या लोकांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २००२ साली आले आणि त्याच वर्षी, ऐन उमेदीत, त्यांचे निधन झाले. तबकडीतून आलेले गाणे एखाद्या गावाचे कसे होते, हा त्यांचा प्रश्न आपल्या सप्ताहातल्या आणि जत्रेतल्या गाण्यालाही लागू पडतो.

या पुरस्कारापर्यंत पोहोचण्याची वाट एका छोट्या मजकुरापासून सुरू होते. परिषदेच्या बऱ्याच महिने आधी आयोजक विषय जाहीर करतात आणि गोषवारा मागवतात. गोषवाऱ्याची मर्यादा बहुधा २५० ते ३०० शब्दांची असते. तो वाचणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी लिहिणाऱ्याचे नाव सांगितले जात नाही, त्यामुळे मोठ्या विद्यापीठाचा शिक्का किंवा मार्गदर्शकाची ओळख तिथे उपयोगी पडत नाही. गोषवारा नाकारला गेला तर परिषदेत वाचन नाही, आणि वाचन नाही तर पुरस्काराचा प्रश्नच उरत नाही.

माझ्या विद्यार्थिनीचा विषय घुमट आरतीचा आहे. तिचा पहिला गोषवारा असा सुरू होत होता: "गोव्याला संगीताचा समृद्ध वारसा लाभला असून घुमट आरती हा त्या वारशाचा अविभाज्य भाग आहे." यात खोटे काहीच नाही, पण शोधण्यासारखेही काही नाही. हे वाक्य गोव्यातल्या कोणत्याही समारंभाच्या प्रास्ताविकात चालेल. मी तिला विचारले की तुला स्वतःला काय कळलेले नाही ते सांग. थोडा वेळ ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "आमच्या वाड्यावरची मंडळी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली आरती म्हणतात तेव्हा वेळेचे बंधन नसते. तीच मंडळी स्पर्धेत उतरतात तेव्हा घड्याळ लागते. मग ती आरतीतले काय गाळतात आणि काय ठेवतात?"

निबंधाचा विषय तिला तिथे सापडला. दुसऱ्या गोषवाऱ्याचे पहिले वाक्य तिने लिहिले: "एकाच पथकाने घरच्या गणपतीपुढे आणि स्पर्धेच्या मंचावर गायलेल्या एकाच आरतीच्या दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करून, वेळेच्या बंधनामुळे तिची रचना कशी बदलते हे या निबंधात दाखवले आहे." वाचणाऱ्याला प्रश्न कळला, पुरावा कोणता ते कळले, आणि काम वीस मिनिटांत बसेल एवढे आहे हेही कळले. घुमट आरती लोकसंगीत आहे, मग लोकप्रिय संगीताच्या परिषदेत ती कशी, ही शंका येणे साहजिक आहे. पण मंच, माइक, बक्षीस, पथकाचा सारखा पोशाख, मोबाईलवरून फिरणारी ध्वनिचित्रफीत आणि ती पाहून दुसऱ्या गावच्या पथकाने उचललेली लकब, एवढे सगळे आले की लोकसंगीत लोकप्रिय संगीताच्या उंबरठ्यावर येते. घुमटाला २०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, आणि पूर्वी त्यावर घोरपडीचे चामडे असे, पण घोरपडीला वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे चढवतात. त्याने नाद किती बदलतो यावरही स्वतंत्र निबंध होऊ शकेल. तो मोह मी तिला आवरायला लावला, कारण दोन प्रश्न एका निबंधात घातले की दोन्ही अर्धवट राहतात.

गोषवारा स्वीकारला गेला की निबंध लिहायचा. इथे बहुतेकांची गल्लत होते ती लांबीची. इंग्रजीत सावकाश वाचले तर वीस मिनिटांत सव्वादोन ते अडीच हजार शब्द होतात; त्यात गाण्याचे नमुने ऐकवायचे असतील तर शब्द आणखी कमी करावे लागतात. प्रबंधाचे साठ पानांचे प्रकरण घेऊन त्यातली पाने गाळत बसण्यात अर्थ नसतो. कानाने ऐकायचा मजकूर मुळातच वेगळा लिहावा लागतो. त्याची वाक्ये एका श्वासात संपणारी हवीत, मुद्दा आधी आणि तपशील नंतर हवा, आणि ध्वनिमुद्रण लावण्याआधी श्रोत्याने नेमके कशाकडे कान द्यायचा ते सांगायला हवे. "आता आरती ऐका" असे म्हटले तर श्रोते नुसती मान डोलावतील. शामेळ हे घुमटाच्या जोडीला वाजणारे तालवाद्य; "दुसऱ्या कडव्यानंतर शामेळाचा ठेका कुठे बदलतो ते ऐका" असे म्हटले तर तेच श्रोते तुमच्या बाजूने पुरावा तपासू लागतील. मी स्वतः एका परिषदेत ध्वनिवर्धकाची वायर न जुळल्यामुळे चार मिनिटे गमावली होती आणि शेवटचा मुद्दा न मांडताच खाली बसलो होतो. तेव्हापासून नमुना लॅपटॉपमध्ये, पेनड्राइव्हवर आणि मोबाईलमध्ये अशा तीन ठिकाणी ठेवून सत्राआधी एकदा वाजवून पाहायचा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

पुरस्कारासाठी निबंध द्यायचा तो बहुतेक ठिकाणी वाचलेलाच द्यावा लागतो. नंतर वाढवलेला, तळटीपांनी फुगवलेला मजकूर चालत नाही. कुठे तो परिषदेआधी मागतात, कुठे परिषद संपल्यावर काही दिवसांत. शब्दमर्यादा, सोबत जोडायच्या ध्वनिफिती, विद्यार्थी असल्याचा दाखला हे सगळे नियमांत लिहिलेले असते, आणि प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असतात. समितीवर साधारणपणे तीनचार अभ्यासक असतात. त्यांतल्या एखाद्याचा स्वतःचा विद्यार्थी पुरस्कारासाठी उभा असेल, तर त्याने त्या निर्णयातून बाजूला व्हावे ही अपेक्षा असते.

समितीला हवे असते तरी काय? सादरीकरणाची छाप इथे दुय्यम ठरते, कारण समितीच्या हाती असतो तो कागद. निबंधाने एक प्रश्न विचारला का, त्याचे उत्तर दिले का, आणि ते उत्तर संगीत खरोखर ऐकून दिले का, हे आधी पाहिले जाते. या शेवटच्या कसोटीवर पुष्कळ चांगले निबंध मागे पडतात असे माझे निरीक्षण आहे. गायकाचे चरित्र, गाण्याचे शब्द, समाजातली परिस्थिती यांविषयी पानेच्या पाने असतात, पण गाणे ऐकायला कसे वाटते याविषयी एक ओळ सापडत नाही. त्यानंतर पाहतात की याआधी इतरांनी जे लिहिले आहे ते माहीत आहे का आणि त्याच्याशी प्रामाणिकपणे वाद किंवा संवाद केला आहे का. मोठमोठ्या सिद्धान्तांची नावे पेरल्याने गुण वाढत नाहीत. उलट विद्यार्थ्याला स्वतःच्या पुराव्यावर भरवसा नाही, असा त्याचा अर्थ निघण्याचा धोका असतो.

आपल्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त भीती वाटते ती भाषेची. या परिषदांचा कारभार बहुतांशी इंग्रजीत चालतो, हे खरे आहे. पण मराठी येणे ही इथे उणीव नाही, कारण आरतीचे शब्द मराठी आहेत, पथकातल्या माणसांशी बोलणे मराठीत आणि कोकणीत झाले आहे, आणि वास्कोच्या सप्ताहातला 'पार' म्हणजे काय हे इंग्रजी शब्दकोश उघडून कळणार नाही. असे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, पहिल्यांदा येतील तेव्हा एका वाक्यात समजावावेत आणि पुढे निर्धास्तपणे वापरावेत. 'पार'ला एखादा सोयीस्कर इंग्रजी प्रतिशब्द दिला की त्यातली रात्रभराची पाळी, वाड्याची ईर्षा आणि देवळापर्यंतची मिरवणूक सगळी पुसली जाते. उताऱ्यांचे भाषांतर करताना मूळ मराठी ओळ सोबत द्यावी, म्हणजे वाचणाऱ्यांत एखादा मराठी जाणणारा असेल तर त्याला ताडून पाहता येईल.

एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचणे आणि एक निबंध नियतकालिकात छापणे सक्तीचे होते. २०२२ च्या नियमांत ही सक्ती उरली नाही. दरम्यानच्या काळात पैसे घेऊन कोणाचाही निबंध स्वीकारणाऱ्या आणि 'सर्वोत्कृष्ट शोधनिबंध' अशी प्रमाणपत्रे सढळ हाताने वाटणाऱ्या परिषदांचे पीक आले, आणि ते अजून सरलेले नाही. खरा पुरस्कार ओळखणे फारसे अवघड नाही. त्याच्या मागे अनेक वर्षे चालत आलेली, सभासद असलेली संस्था असते, समितीवर कोण आहे ते जाहीर असते, आधीच्या वर्षी कोणाला मिळाला हे पाहता येते, आणि पुरस्कारासाठी वेगळे शुल्क मागितले जात नाही. गोषवारा पाठवल्यावर दोन तासांत अभिनंदनाचे पत्र आले, तर पैसे भरण्यापूर्वी थांबावे.

पुरस्काराची रक्कम मामुलीच असते. गोव्याहून जाणाऱ्या विद्यार्थ्याचे विमानाचे तिकीटही त्यातून निघणार नाही. प्रवासासाठी काही संस्था वेगळी मदत देतात, तिचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी, आणि तो बहुधा लवकर करावा लागतो. तरीही विद्यार्थी या पुरस्कारासाठी धडपडतात, ते योग्यच आहे. त्या क्षेत्रातले जाणते वाचक आपला निबंध शब्द न् शब्द वाचतात, कधीकधी निवडीमागची कारणे लिहून देतात आणि नियतकालिकाचे संपादक त्या निबंधाकडे वळून पाहतात. पंचविशीतल्या मुलीला एवढे बारकाईने वाचणारे वाचक एरवी कुठे मिळतात?

राहिली परवानगीची बाब. ध्वनिमुद्रण परक्या देशात, परक्या लोकांसमोर वाजवायचे तर ज्यांचा आवाज त्यात आहे त्यांची संमती हवी. बहुतेक विद्यापीठे ती लेखी मागतात, आणि मला विचाराल तर कागद नसता तरी ती घ्यायलाच हवी. आमची विद्यार्थिनी त्यासाठी पथकातल्या सर्वांत वयस्क काकांकडे गेली. काकांनी कागदावर सही करण्याआधी, काय वाजवणार ते आधी ऐकव म्हटले. तिने मोबाईलवर चाळीस सेकंदांचा तुकडा लावला. काकांनी डोळे मिटून तो दोनदा ऐकला आणि म्हणाले, "हा नको. यात शामेळ मागून येतो. तू परवा संध्याकाळी ये, आम्ही परत म्हणतो." दुसऱ्या ध्वनिमुद्रणासाठी ती गेली तेव्हा पथकातले अकराही जण आंघोळ करून, घुमट तापवून बसले होते. त्या संध्याकाळची तारीख तिने निबंधात नोंदवली आणि पहिला तुकडा का बदलला हेही लिहिले. समितीसमोर जाईल त्या मजकुरात ते वाक्य तसेच ठेव, असे मी तिला सांगितले आहे.